चुनखडकाच्या डोंगरउतारावरील माती
(भूगोल व सामान्य विज्ञान : वरच्या इयत्तांच्या शिक्षकांसाठी पाठटिपण)

'खडक झिजून माती होते' हे वाक्य मुले प्राथमिक शाळेत फार लवकर शिकतात. दख्खनच्या पठारावरील मुलाला त्याविषयी शंका येण्याचे कारण नसते. गावात नवी विहीर खणली जात असली, की वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली कच्चा खडक आणि शेवटी काळा पाषाण अशी उतरंड त्याला डोळ्यांनी दिसते. काळ्या पाषाणातील खनिजे हवापाण्याने बदलतात, परंतु त्यांचा मोठा अंश चिकणमातीच्या आणि लोहाच्या रूपाने जागच्या जागी राहतो. खडकाची माती होते, हे येथे शब्दशः खरे आहे.

चुनखडकाच्या प्रदेशात मात्र हे वाक्य अर्धेच खरे ठरते. तेथे खडकाची माती होत नाही; खडक नाहीसा होतो, आणि तो नाहीसा होताना जे थोडेसे मागे उरते त्याची माती होते. हा भेद लहान दिसतो, पण उभ्या डोंगरउतारावर त्याचे परिणाम इतके मोठे होतात, की एका पिढीच्या हातून गेलेली माती पुढच्या शेकडो पिढ्यांना परत मिळत नाही. पाठ्यपुस्तकाच्या नकाशात अशा जमिनीला बहुधा 'डोंगराळ माती' एवढेच नाव दिलेले असते. त्या एका शब्दावर पाठ संपवणे म्हणजे विषयाच्या दारातूनच परत फिरणे होय.

खडक पाण्यात जातो कसा?

चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो पाहण्यासाठी मुलांना डोंगरावर नेण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या ओसरीवर आणि घरांच्या माजघरांत घातलेली शहाबादी फरशी हा चुनखडकच आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळा कडप्पाही चुनखडकच. कडप्प्यावर लिंबू किंवा चिंचेचे पाणी सांडून राहिले, की तेथे पांढुरका डाग उठतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. तो डाग नसून आम्लाने खाल्लेला दगड आहे. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर सिरक्याचे चार थेंब टाकले तर बारीक बुडबुडे येतात. हे बुडबुडे कार्बन डायॉक्साइड वायूचे असतात. (फळ्यावर लिहिण्याचा खडू या प्रयोगासाठी घेऊ नये. आजचे पुष्कळसे खडू चुनखडीचे नसून जिप्समचे असतात. त्यांवर बुडबुडे येत नाहीत आणि शिक्षकाची उगाच फजिती होते.)

डोंगरावर सिरका पडत नाही, हे खरे. परंतु पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायॉक्साइड थोडासा शोषून घेते आणि फार सौम्य असे आम्ल बनते. तेच पाणी मातीत शिरले, की त्याचे बळ वाढते. बाहेरच्या हवेत हा वायू शेकडा ०.०४ च्या आसपास असतो. मातीच्या पोकळ्यांतील हवेत, मुळांच्या आणि सूक्ष्म जिवांच्या श्वसनामुळे, तो शेकडा १ किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. म्हणजे झाडीखालचे पाणी उघड्या कातळावरच्या पाण्यापेक्षा अधिक वेगाने चुनखडक विरघळवते. विरघळलेला चुना बायकार्बोनेटच्या रूपाने पाण्याबरोबर फटींतून खाली निघून जातो.

ही सारी क्रिया एका पेल्यात दाखवता येते. खाण्याचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी वरची निवळी अलगद ओतून घ्यावी. निवळीत तितकेच स्वच्छ पाणी मिसळून तिच्यात पपईच्या पानाच्या पोकळ देठाने फुंकर घालावी. निवळी दुधासारखी पांढरी होते; हा चुनखडकाचाच सूक्ष्म चुरा होय. येथेच पुष्कळ शिक्षक प्रयोग थांबवतात. फुंकर तशीच पुष्कळ वेळ चालू ठेवली, तर पांढरेपणा कमी होत होत पाणी पुन्हा स्वच्छ होऊ लागते: खडक पाण्यात गेला. हे स्वच्छ पाणी तापवले तर ते पुन्हा गढूळ होते: पाण्यातून खडक परत आला. ज्या गावचे पाणी जड आहे तेथे पाणी तापवण्याच्या बंबात पांढरा थर धरतो तो याच कारणाने. निवळी तोंडात ओढली जाणार नाही व डोळ्यांत उडणार नाही याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी. फुंकर घालण्याचे काम मोठ्या मुलालाच सांगावे.

उरते किती?

आता गणिताचा तास येतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर जाड असा शुद्ध चुनखडकाचा ठोकळा धरावा. त्याचे वजन सुमारे २६०० किलो भरेल. त्यात चुन्याखेरीज चिकणमाती, लोह, वाळूचे सूक्ष्म कण इत्यादी न विरघळणारे द्रव्य शेकडा १ आहे असे मानू. सगळा ठोकळा विरघळून गेल्यावर मागे उरेल केवळ २६ किलो. ही माती त्याच एका चौरस मीटरवर पसरली तर तिचा थर सुमारे २ सेंटीमीटर जाडीचा होईल. म्हणजे पुरुषभर उंचीचा खडक गेला तरी मुलाच्या बोटाची दोन पेरे बुडतील एवढीही माती होणार नाही.

आणि तो खडक जाण्यास किती काळ लागतो? पावसाळी प्रदेशांत चुनखडकाचा पृष्ठभाग साधारणतः हजार वर्षांत काही सेंटीमीटर या गतीने विरघळतो. हिशेबासाठी हजार वर्षांना ५ सेंटीमीटर धरले, तर एक मीटर खडकास २०,००० वर्षे लागतील. वीस हजार वर्षांत दोन सेंटीमीटर माती! हा हिशेब सर्व ठिकाणी तंतोतंत लागू पडणार नाही. खडकात चिकणमातीचा अंश अधिक असेल तर माती अधिक उरते. वाऱ्याने आलेली धूळही तिच्यात भर घालते. भूमध्य समुद्राच्या काठी चुनखडकावर जी प्रसिद्ध तांबडी माती आढळते, तिच्यात सहारा वाळवंटातून उडून आलेल्या धुळीचाही वाटा आहे. तरीही हिशेबाचा रोख बदलत नाही. खडक जितका शुद्ध, तितकी त्याची माती तुटपुंजी. सिमेंट, पोलाद आणि साखर यांच्या कारखान्यांना जो चुनखडक सर्वांत मोलाचा वाटतो, तोच मातीच्या दृष्टीने सर्वांत दरिद्री असतो. ही गोष्ट पुढे मसुरीच्या प्रकरणात पुन्हा भेटेल.

उताराचा परिणाम

सपाटीवर ही थोडीशी माती निदान जागेवर साचत राहते. उतारावर तसे होत नाही. पावसाचा थेंब मातीचा कण उडवतो तो वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूला अधिक दूर पडतो. ओली माती स्वतःच्या भाराने तसूतसूने खाली सरकते. थंडीत फटींतील पाणी गोठून कड्याचे तुकडे फुटतात आणि घरंगळत येतात. डोंगराच्या वरच्या भागात त्यामुळे उघडा कातळ, मधल्या भागात दगडगोटे व माती यांचे मिश्रण, आणि पायथ्याशी व खळग्यांत जाड माती अशी विभागणी झालेली दिसते.

अशा उतारावरील मातीचे पहिले लक्षण म्हणजे तिचा विषमपणा. काळ्या जमिनीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नांगर सारख्या खोलीने चालतो. येथे वीतभर अंतरात सगळे बदलते. पहार एका ठिकाणी दोन बोटांवर कातळाला लागते, तर तिच्या शेजारीच हातभर खोल जाते. कारण चुनखडक विरघळतो तो फटींच्या व सांध्यांच्या अनुरोधाने, आणि त्या रुंदावलेल्या फटींत माती उतरून बसते. वरून केवळ दगड दिसणाऱ्या उतारावर मोठाले वृक्ष उभे असतात, ते या फटींच्या जोरावर. त्यांची मुळे फटीतून खोल गेलेली असतात आणि तेथील मातीचा व ओलाव्याचा साठा त्यांना पुरतो. म्हणून अशा जागी 'मातीची खोली किती?' हा प्रश्नच थोडा फसवा आहे. पाच ठिकाणी पहार मारून सरासरी काढली तर जो आकडा येईल, तेवढी खोली त्या उतारावर कदाचित कोठेही नसेल.

जागतिक मृदावर्गीकरणात, ज्या जमिनीत पंचवीस सेंटीमीटरच्या आतच सलग खडक लागतो, किंवा जिच्यात दगडगोट्यांच्या मानाने बारीक माती फारच थोडी असते, तिला लेप्टोसोल म्हणतात. 'लेप्टोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ पातळ. पृथ्वीवर सर्वांत अधिक क्षेत्र व्यापणारा मातीचा गट हाच आहे, हे ऐकून मुलांना नवल वाटेल. कारण शेतीच्या धड्यांत त्याचे नाव कधी येत नाही. याच गटातील चुनखडकावरच्या काळसर मातीचे जुने नाव रेंडझिना असे आहे. हा शब्द मूळचा पोलंडमधील शेतकऱ्यांच्या बोलीतला. नांगराचा फाळ दगडांना घासून जो कुरकुर आवाज होतो त्यावरून तो आला, असे सांगतात. शास्त्राने शेतकऱ्याच्या कानावर विश्वास ठेवला, याचे हे एक चांगले उदाहरण म्हणावे लागेल.

काळी, भुसभुशीत आणि तहानलेली

रेंडझिनाचा वरचा थर पातळ असला तरी दिसण्यात समृद्ध असतो. त्याचा रंग गडद तपकिरी किंवा काळा असतो. येथे मुलांची हमखास गफलत होते: काळा रंग पाहून ती त्याला कापसाची काळी जमीन समजतात. कापसाच्या जमिनीचा काळेपणा मुख्यतः तिच्या विशिष्ट चिकणमातीशी निगडित असतो आणि तीत सेंद्रिय द्रव्य बरेच कमी असते. उतारावरील या मातीचा काळेपणा मात्र कुजलेल्या पालापाचोळ्याचा, म्हणजे ह्यूमसचा असतो. भरपूर असलेला चुना ह्यूमस आणि चिकणमाती यांना एकत्र बांधून ठेवतो. म्हणून तिचे नाचणीच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढे टिकाऊ कण बनतात. अशी माती मुठीत घेऊन दाबली तर तिचा गोळा होत नाही. ती भुरभुर सुटते. गांडुळांना ती मानवते. हवा तिच्यात सहज खेळते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडतात तशा भेगा तिला पडत नाहीत.

मग अशी चांगली माती असून ती दरिद्री का म्हणावी? पाण्याकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. वीतभर मातीत, आणि तीही अर्धी दगडांनी भरलेली, पाणी राहणार किती? पडलेला पाऊस कणांच्या पोकळ्यांतून चटकन उतरतो आणि खालच्या फटींत नाहीसा होतो. मुसळधार पावसाच्या प्रदेशातही चार दिवस उघडीप पडली की लहान रोपे माना टाकतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन अधिक लागते, त्यामुळे तेथे ही टंचाई अधिकच जाणवते. हिमालयात एकाच डोंगराच्या उत्तर अंगाला दाट झाडी आणि दक्षिण अंगाला गवत असा देखावा पुष्कळदा दिसतो तो यामुळेच. पृष्ठभागावर ओढे थोडे, आणि पायथ्याला झरे पुष्कळ, ही चुनखडकाच्या डोंगराची खूण आहे. वर हरवलेले पाणी खाली सापडते.

मातीत विखुरलेले दगड नांगराला नडतात, परंतु ते सर्वस्वी शत्रू नव्हेत. पृष्ठभागावरचे दगड पावसाच्या थेंबांचा मार स्वतःवर घेतात, खालच्या ओलाव्याचे बाष्पीभवन कमी करतात आणि वाहत्या पाण्याचा वेग मोडतात. दगड वेचून साफ केलेल्या उभ्या उताराची माती वेगाने जाते. वेचलेले दगड उतारावर आडव्या ताली रचण्यासाठी वापरले तरच ते वेचण्यात अर्थ आहे.

या मातीचा सामू ७ च्या वर, बहुधा ७.५ ते ८.३ च्या दरम्यान असतो. परंतु हाही नियम डोळे मिटून घेऊ नये. पावसाळी प्रदेशात जुन्या, स्थिर झालेल्या मातीच्या वरच्या थरातून चुना धुऊन जातो आणि चुनखडकावरच उभी असलेली माती सिरक्याला मुळीच दाद देत नाही, असेही आढळते. उभ्या उतारावर ही अवस्था क्वचितच येते. कारण वरच्या कड्यावरून चुन्याचे ताजे तुकडे सतत येऊन मिसळत असतात. उतार मातीला म्हातारी होऊ देत नाही, असे म्हटले तरी चालेल. ती जन्मभर बालच राहते: अशक्त, पण ताजी.

अति चुन्याचा एक तोटा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मातीत लोह असूनही चुन्यामुळे ते पिकाच्या मुळांना सहज घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यालाच केवडा पडणे म्हणतात. चुनखडीयुक्त जमिनीत ऊस, भुईमूग व संत्रा यांवर तो दिसतो आणि त्यासाठी हिराकसाच्या द्रावणाची फवारणी करतात. स्फुरदही चुन्याशी जखडले जाते. जस्त व मंगल यांचीही तीच गत होते. चुनखडकाच्या डोंगरावर आपोआप वाढणाऱ्या वनस्पतींनी मात्र या अडचणीतून आपला मार्ग काढलेला असतो. पश्चिम हिमालयातील सुरई हा सायप्रसच्या जातीचा वृक्ष चुनखडकाच्या उभ्या कड्यांवर विशेषकरून आढळतो, तो याचा दाखला आहे.

मसुरीचे डोंगर

आतापर्यंत सांगितलेल्या सर्व गोष्टी एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील, तर नकाशावर उत्तराखंडातील देहरादूनवर बोट ठेवावे. देहरादूनचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. त्याच्या उत्तरेस भिंतीसारखे उभे राहिलेले मसुरीचे डोंगर २००० मीटरपर्यंत चढतात. त्यांच्या माथ्याच्या भागात क्रोल नावाच्या खडकसमूहाचा चुनखडक व डोलोमाइट आहे. साठ कोटी वर्षांच्या आसपास उथळ समुद्राच्या तळाशी हा खडक साचला. खोऱ्यात वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उभा उतार, ठिसूळ झालेला खडक, पातळ माती आणि असा पाऊस! तेथील माती टिकून होती ती केवळ बांज वृक्षांच्या, झुडुपांच्या आणि गवताच्या आधारावर. मसुरी हे नावच 'मंसूर' या झुडुपावरून पडले असे सांगतात. हे झुडूप धसलेल्या, दगडाळ उतारावर सर्वांच्या आधी येते आणि त्याच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जीव हवेतला नत्र मातीत आणतात.

क्रोल समूहाच्या वरच्या भागातील चुनखडक अतिशय शुद्ध आहे, आणि तेच या डोंगरांना भोवले. १९६२ साली तेथे वीस वर्षांच्या मुदतीचे खाणपट्टे देण्यात आले व पुढील काळात खाणींचा विस्तार झाला. उभ्या डोंगरावर खाण काढताना सुरुंग लावून खडक फोडीत आणि निरुपयोगी भाग, वरची माती व चुरा खालच्या उतारावर ढकलून देत. एका खाणीने स्वतःच्या जागेची माती नष्ट केली, एवढेच नुकसान नव्हते. तिच्या खालचा सारा उतार दगडांच्या राशीखाली गाडला गेला. पावसाळ्यात ह्या राशी ओढ्यांत उतरल्या, ओढ्यांची पात्रे उंच झाली, पूर शेतांत व वस्त्यांत शिरू लागला. माती गेली म्हणजे स्पंज गेला. मग पावसाचे पाणी एकदम धावले आणि उन्हाळ्यात झरे लवकर आटू लागले.

१९८३ च्या जुलै महिन्यात देहरादून येथील रूरल लिटिगेशन अँड एंटायटलमेंट केंद्र या संस्थेने सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानून सुनावणी सुरू केली. तज्ज्ञांच्या समितीकडून खाणींची पाहणी करून घेण्यात आली. १२ मार्च १९८५ रोजी न्यायालयाने सर्वांत घातक वर्गातील खाणी कायमच्या बंद करण्याचा आदेश दिला. पर्यावरणाचा तोल हाच विषय असलेला देशातील अशा प्रकारचा हा पहिला खटला असल्याचे न्यायालयाने स्वतःच नमूद केले आहे. त्या आदेशातील एक तरतूद शिक्षकांनी अवश्य सांगावी. खाणी बंद झाल्याने मजुरांची रोजी बुडणार होती. म्हणून त्यांना शक्यतो त्याच डोंगरावरील वनीकरणाच्या व मृदसंधारणाच्या कामावर घ्यावे, असे न्यायालयाने सुचवले. ज्या हातांनी उतार फोडला त्याच हातांनी तो बांधावा, असा त्याचा अर्थ होतो. पुढे ऑगस्ट १९८८ च्या निकालाने तीन खाणींचा अपवाद करून उरलेल्या खाणीही बंद झाल्या.

उतार बांधण्याचे काम प्रत्यक्षात कसे झाले, हे शाळेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. देहरादूनजवळ सहस्रधारा या नावाचे ठिकाण आहे. तेथे चुनखडकातून झिरपणारे पाणी असंख्य धारांनी ठिबकते आणि वर विरघळवून आणलेला चुना खाली पुन्हा दगडाच्या रूपाने साचवते. पेल्यातील प्रयोगाचे दोन्ही अर्धभाग येथे निसर्गाने मांडून ठेवले आहेत. याच परिसरातील ६४ हेक्टर सोडून दिलेल्या खाणक्षेत्रावर देहरादूनच्या मृद् व जलसंधारण संशोधन संस्थेने १९८४ ते १९९६ या काळात काम केले. ओढ्यांत तारेच्या जाळीत दगड भरून बंधारे घातले. मोकळ्या उतारावर तागाचे जाळीदार कापड अंथरून त्याच्या आधाराने गवत व झुडपे लावली. निर्गुडी, बेशरम, हत्तीगवत, खैर, सुबाभूळ अशा काटक जाती निवडल्या. शोभेच्या झाडांना येथे वाव नव्हता. आरंभी त्या क्षेत्राचा सुमारे शेकडा १० भाग हिरवा होता तो ८० पर्यंत गेला. दरसाल दर हेक्टरातून सुमारे ५५० टन दगडमाती वाहून जात असे, ती ८ टनांवर आली. पावसाळ्यानंतर ओढा साधारण ६० दिवस वाहत असे, तो २४० दिवस वाहू लागला.

शेवटचा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिण्याजोगा आहे. परंतु त्याबरोबर एक खुलासा हवा, नाहीतर मुलांचा समज होईल की बारा वर्षांत माती पुन्हा तयार झाली. तसे झालेले नाही. चुनखडकावरील मातीची घड्याळे दोन आहेत. चिकणमातीचे घड्याळ हजारो वर्षांचे आहे; त्याचा हिशेब वर केलाच आहे. ह्यूमसचे घड्याळ मात्र काही दशकांचे आहे. दगडांच्या चुऱ्यात एकदा मुळे रुतली आणि पालापाचोळा कुजू लागला, की काळसर, भुसभुशीत थर धरू लागतो आणि पाणी अडू लागते. सहस्रधारेला दुसरे घड्याळ पुन्हा चालू करण्यात आले. पहिल्याला गती देण्याचा उपाय मनुष्याजवळ नाही.

युरोपातील अनुभवही याला जुळतो. स्लोव्हेनिया व इटली यांच्या सीमेवर क्रास नावाचे चुनखडकाचे पठार आहे. चुनखडकाच्या विरघळलेल्या भूमीला जगभर 'कार्स्ट' म्हणतात ते याच नावावरून. लाकूडतोड आणि बेसुमार चराई यांमुळे तेथील माती नाहीशी होऊन पठार पांढऱ्या दगडांचे वाळवंट बनले होते. १८५९ पासून तेथे काळ्या पाइनची लागवड यशस्वी होऊ लागली. जेथे माती उरली होती अशा फटी व खळगे शोधून रोपे लावली गेली. आज तो प्रदेश पुष्कळ अंशी हिरवा दिसतो. तरी पावलाखाली दगड लागतोच. शेती होते ती मुख्यतः वाटीसारख्या खोलगट भागांत, जेथे भोवतालच्या उताराची माती शतकानुशतके गोळा झाली आहे.

वर्गात करावयाचे काम

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा असल्यामुळे खरा चुनखडक सर्वांना गावात मिळणार नाही. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील वणी, राजुरा, कोरपना या बाजूच्या शिक्षकांना तो जवळच सापडेल. तेथील सिमेंटचे कारखाने त्याच खडकावर चालतात. इतरांनी शहाबादी फरशी, कडप्पा आणि पांढरा संगमरवर यांचे तुकडे फरशी कापणाऱ्याकडून आणवावेत. काळ्या जमिनीत मिळणारे चुनखडीचे खडेही घ्यावेत. मात्र ते समुद्रतळाचा खडक नसून जमिनीतच पाण्याने साचवलेला चुना आहेत, हे सांगावे.

प्रत्येक प्रकारचा बोराएवढा तुकडा तोलून, कुटून, निरनिराळ्या काचेच्या भांड्यांत घालावा व वर भरपूर सिरका ओतावा. बुडबुडे थांबले की वरचा सिरका अलगद काढून नवा घालावा. असे सात-आठ दिवस, बुडबुडे येईनासे होईपर्यंत करावे. मग तळाशी राहिलेला गाळ दाट फडक्यातून गाळून, स्वच्छ पाण्याने धुऊन, उन्हात वाळवावा. शहाबादी फरशीचा गाळ डोळ्यांना सहज दिसेल. शुद्ध संगमरवराचा जवळजवळ नसेलच. मुलांनी तो बोटाने चोळून पाहावा, आणि एवढ्या मातीत ज्वारीचा एक दाणा तरी झाकेल काय, हे त्यांना विचारावे. सोनाराचा काटा मिळाला तर गाळ तोलून शेकडा प्रमाण काढावे. नंतर तो निरनिराळ्या कागदांवर चिकटवून त्यांखाली दगडाचे नाव, मूळ वजन व तारीख लिहून ते कागद भूगोलाच्या नकाशांशेजारी लावावेत.